मूल जेवत नाही म्हणून सल्ला घ्यायला निघालात? आधी ही तयारी करा

‘डॉक्टर, हा काहीच खात नाही.’ बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत दिवसभर हे वाक्य ऐकू येतं. पुढचं दृश्यही ठरलेलं: वजन होतं, पोट तपासलं जातं, एक टॉनिक लिहून मिळतं आणि महिन्याभराने तेच वाक्य, कधी कधी दुसऱ्या दवाखान्यात. दोष डॉक्टरांचा किंवा पालकांचा एवढाच नसतो. दहा मिनिटांच्या भेटीत ‘काहीच खात नाही’ यावरून कोणालाही नेमकं काही सांगता येत नाही. मूल काय खातं, किती, कधी, कोणाच्या हातून आणि वजन गेल्या सहा महिन्यांत कसं हललं, हे घरातून लिहून नेलं तर त्याच दहा मिनिटांत बरंच हाती लागतं.

हा लेख साधारण सहा महिने ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. फक्त पहिल्या टप्प्यातलं एकही लक्षण दिसलं, तर बाकीचं सोडा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

टप्पा १: वाट पाहायची की आजच जायचं?

पुढीलपैकी काही असेल तर वही-तक्ता करत बसू नका:

- वजन कमी होतंय. (‘वाढत नाही’ वेगळं, ‘उतरतंय’ वेगळं.)
- खाताना-पिताना वारंवार ठसका लागतो, आवाज ओला-घरघरता होतो, किंवा छातीत सारखा कफ होतो. अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता असते.
- गिळताना दुखतं, घास अडकतो, रोज उलट्या होतात. उलटी हिरवी असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर थेट रुग्णालय गाठा.
- दोन्ही पावलांवर सूज आहे आणि अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहतो.
- आधी खात असलेले पदार्थ एकेक करून सुटत चाललेत आणि आता चार-पाचच उरलेत.
- खाणं-पिणं दोन्ही बंद, लघवी कमी, मूल मलूल.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी आणखी एक सोपी तपासणी अंगणवाडीत होते. दंडाच्या मध्यावर रंगीत पट्टी लावून घेर मोजतात. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. पट्टी लाल भागात आली तर तो सवयीचा प्रश्न राहत नाही, तो उपचाराचा होतो.

सावधान: ‘आमच्या घरात सगळेच बारीक’ हे खरंही असू शकतं. पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनी म्हणावं, आपण आधी ठरवू नये.

टप्पा २: वाढीची नोंद गोळा करा

एकट्या वजनाला फारसा अर्थ नाही. ते कोणत्या दिशेने जातंय याला आहे. त्यामुळे जुने आकडे शोधा. लसीकरणाच्या वेळी मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड, दवाखान्याची फाइल, अंगणवाडीतली नोंद, शाळेचं आरोग्यपत्रक: जिथे जिथे तारखेसह वजन-उंची लिहिलेली असेल ते सगळं एका कागदावर उतरवा.

कार्डावरच्या आलेखात बिंदू जोडून पाहा. मूल खालच्या पट्ट्यात असलं, पण त्याच पट्ट्याला धरून वर चाललं असलं, तर बहुतेक वेळा चिंता नसते. वरच्या पट्ट्यातून खाली घसरणारी किंवा आडवी झालेली रेघ मात्र डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे आलेख वापरतात. त्यापुढे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे.

इथे एक हिशेब समजून घ्या, कारण निम्मी काळजी त्याने हलकी होते. तीन किलोने जन्मलेलं बाळ वर्षाचं होताना साधारण नऊ किलोचं असतं, म्हणजे एका वर्षात सहा किलो. दुसऱ्या वर्षात ते फक्त अडीच-तीन किलोने वाढतं आणि पुढे वर्षाला दोनेक किलोने. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. दीड वर्षाचं मूल ‘आधी किती छान खायचं’ असं घरोघरी वाटतं ते यामुळेच. आजीला बाळसं उतरल्यासारखं दिसतं. आलेखावर बऱ्याचदा सगळं ठीक असतं.

वजन घरी करणार असाल तर एकच काटा, सकाळची वेळ, कमीत कमी कपडे. दोन वर्षांच्या आत लांबी झोपवून मोजतात, नंतर उंची उभं करून. एकाच मुलाच्या दोन पद्धतींच्या मापात अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणून ‘उंची कमी झाली’ असं वाटलं तर आधी मोजलं कसं ते विचारा.

तपासून पाहा: कमीत कमी तीन तारखांची वजनं हाती आहेत का? नसतील तर आज एक घ्या. पहिल्या भेटीला तेवढंही चालेल.

टप्पा ३: तीन दिवसांची खाण्याची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार असे तीन दिवस निवडा. आजारपण, लग्न, प्रवास असलेला दिवस घेऊ नका. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहायची: पाण्याव्यतिरिक्त प्रत्येक पेय, दुकानातून आणलेला खाऊ, शेजारच्या काकूंनी हातावर ठेवलेला लाडू, प्रसादाचा पेढासुद्धा.

पालक ‘जेवण’ लिहितात आणि ‘मधलं’ सोडतात. घोडं नेमकं तिथेच अडतं. अडीच वर्षांच्या एका मुलीची अशी वही कशी दिसू शकते ते पाहा:

सकाळी ७: दूध २०० मिली, साखर २ चमचे, बाटलीने, अंथरुणातच.
साडेनऊ: ग्लुकोज बिस्किटं ४.
साडेबारा: वरणभात ३ चमचे. ४० मिनिटं लागली. मोबाइल चालू. आजी भरवत होती. शेवटचा घास थुंकला.
दुपारी २: दूध २०० मिली, साखर २ चमचे, झोपताना.
संध्याकाळी ५: वेफर्सचं छोटं पाकीट.
रात्री ८: पोळीचे २ घास, रडारड, बाबांचा ओरडा.
रात्री १०: दूध २०० मिली, साखर २ चमचे, ‘उपाशी झोपू नये म्हणून’.

आता बेरीज करा. सहाशे मिली दुधाच्या साधारण ३९० किलोकॅलरी. सहा चमचे साखरेच्या १२०. बिस्किटांच्या ८० आणि वेफर्सच्या ५०-६०. झाल्या साडेसहाशे. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज आहे साधारण हजार किलोकॅलरी. म्हणजे ‘काहीच न खाणाऱ्या’ मुलीची दोनतृतीयांश भूक ताटाबाहेर भागलेली आहे. दुपारी साडेबाराला ती जेवत नाही, कारण तिला तेव्हा भूकच नाही. शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं. दूध जास्त आणि जेवण कमी अशा मुलांमध्ये रक्त कमी होण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. हे चक्र टॉनिकच्या बाटलीने तुटत नाही.

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी हव्यात: वेळ, पदार्थ, माप, किती वेळ लागला, कोणी भरवलं. माप चमचे-वाट्यांत लिहा. वाटी कोणती ते एकदा फोटो काढून ठेवा, कारण एका घरची वाटी दुसऱ्या घरी वाडगा असते. ‘थोडंसं’, ‘बरंच’, ‘नेहमीसारखं’ हे शब्द वहीत नकोत.

वहीच्या शेवटच्या पानावर हेही लिहा:

- शौचाला रोज होतं का, कडक होतं का? बद्धकोष्ठ हे भूक न लागण्याचं नेहमी विसरलं जाणारं कारण आहे.
- माती, खडू, भिंतीचे पोपडे खातं का? लाजू नका, लिहा. लोहाच्या कमतरतेत हे दिसतं.
- दात किडलेत का? घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का?
- जंताची गोळी शेवटची कधी दिली? लोहाचं औषध, जीवनसत्त्व ‘अ’चा डोस?
- घास गालात धरून बसतं का? फक्त कुरकुरीत किंवा फक्त पातळच चालतं का? पदार्थाचा वास, रंग, हाताला लागणं सहन होत नाही का?
- घरात क्षयरोगाचा रुग्ण आहे का, अलीकडे होता का?

सावधान: वही चांगली दिसावी म्हणून त्या तीन दिवसांत मुलाला जास्त भरवू नका. नाचणीसत्त्व एरवी महिन्यातून एकदा होत असेल तर वहीसाठी रोज करू नका. खोट्या वहीवर खरा सल्ला मिळत नाही.

टप्पा ४: कोणाकडे, कोणत्या क्रमाने?

आधी बालरोगतज्ज्ञ. आहारतज्ज्ञाकडे थेट जाऊन ‘डाएट चार्ट द्या’ म्हणणं ही नेहमीची चूक. शरीरात कारण असेल (रक्तक्षय, मूत्रमार्गाचा संसर्ग, क्षयरोग, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअॅक आजार, थायरॉइड, जुनाट बद्धकोष्ठ), तर चार्ट कितीही सुरेख असला तरी भिंतीवरच राहतो.

शारीरिक कारण नाही किंवा त्यावर उपचार सुरू आहेत असं ठरलं, की आहारतज्ज्ञ. लहान मुलांसोबत काम करणारी व्यक्ती शोधा. वजन कमी करून देणारं केंद्र या कामाचं नाही. शिक्षण विचारा: आहारशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, रुग्णालयातला अनुभव, ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ ही पात्रता. आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सवर ‘न्यूट्रिशन कोच’ झालेले पुष्कळ आहेत. पहिल्याच भेटीत पावडरचा डबा विकायला काढणाऱ्याला नमस्कार करून परत या.

चावणं-गिळणं जमत नसेल, दीड-दोन वर्षांनंतरही सगळं मिक्सरमधूनच काढून द्यावं लागत असेल, तर वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (खाण्यासारखी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून उपचार करणारे) लागतात. ‘बोलणं शिकवणाऱ्याकडे जेवणासाठी कशाला?’ असं वाटतं. पण जीभ, ओठ, जबडा आणि गिळणं हा त्यांच्याच अभ्यासाचा भाग आहे. वाचा उपचारतज्ज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच नको.

जेवणावरून घरात रोज युद्ध होत असेल, मूल ताट पाहूनच घाबरत असेल, किंवा मोठी मुलगी जाड होण्याच्या भीतीने जेवण टाळत असेल, तर बालमानसतज्ज्ञ.

पैशांची अडचण असेल किंवा गाव लांब असेल तर सरकारी वाट अशी. अंगणवाडी सेविकेकडून वजन-उंची आणि दंडघेर मोजून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं; पुढची तारीख सेविकेला किंवा आशाताईंना विचारून ठेवा. या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि पथकाच्या चिठ्ठीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. जिथे हे केंद्र नीट चालतं, तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचा उपचार, मानसतज्ज्ञ एका छताखाली मिळतात. खासगीत यासाठी तीन ठिकाणी हेलपाटे पडतात.

तीव्र कुपोषित मुलासाठी पोषण पुनर्वसन केंद्र असतं. तिथे मुलाची भूक चाचणी घेतात, साधारण दोन आठवडे ठेवून घेतात आणि सोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. ‘शेतीची कामं आहेत, आता नको’ म्हणून पुढे ढकलण्याआधी या मजुरीबद्दल नक्की विचारा.

टप्पा ५: भेटीचा दिवस

जो रोज भरवतो त्याने यायलाच हवं. आई-बाबा नोकरीवर आणि आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशी घरी असतील, तर त्यांना सोबत न्या. सल्ला बाबांनी ऐकायचा आणि अंमल आजीने करायचा, यात अर्धा सल्ला रिक्षातच सांडतो.

जेवतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. मुलाचं तोंड, मांडीवर बसलंय की खुर्चीत, समोर टीव्ही आहे का, भरवणारा काय बोलतोय, हे सगळं त्यात दिसू द्या. मूल दवाखान्यात जेवून दाखवणार नाही, व्हिडिओ दाखवतो.

आधीची औषधं बाटल्यांसकट न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, मेडिकलवाल्याने दिलेलं, शेजारणीने सुचवलेलं, सगळं. नाव आठवत नसेल तर फोटो.

बोलायची सुरुवात अशी करून पाहा: ‘अडीच वर्षांची आहे. वजन साडेअकरा, सहा महिन्यांपूर्वी अकरा होतं. दिवसाला सहाशे मिली दूध पिते, जेवायला चाळीस मिनिटं लागतात, शौचाला दोन दिवसांआड कडक होते. ही वही.’ एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो.

आणि मुलासमोर ‘हा फार नाटकी आहे’, ‘हिला काही आवडतच नाही’ म्हणू नका. तीन वर्षांच्या मुलाला ते पूर्ण कळतं आणि ते त्याबरहुकूम वागतं. तक्रारीचा भाग त्याला बाहेर पाठवून बोला.

टप्पा ६: खोलीतून बाहेर पडण्याआधी विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या, नाहीतर निम्मे विसरतात.

- वाढ वयाप्रमाणे आहे का? आलेखावर दाखवाल का?
- कोणती तपासणी कशासाठी? (रक्तातलं हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी बहुधा सांगतात. लांबलचक पॅकेज सांगितलं तर प्रत्येक तपासणीचं कारण विचारा.)
- हे औषध काय करतं, किती दिवस, बंद केल्यावर काय होईल?
- घरी पहिला बदल कोणता करू?
- पुन्हा कधी यायचं? त्याआधी कशासाठी यावं लागेल?

सावधान: भूक वाढवणारी काही सिरप मुळात अॅलर्जीवरची औषधं असतात. त्यांनी गुंगी येते, आणि औषध थांबलं की भूक पुन्हा पूर्वपदावर येते. डॉक्टरांनी ठरावीक काळासाठी दिलं तर द्या. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर दुसरी बाटली आणू नका.

सावधान: सिलिअॅकची शंका असेल तर रक्त तपासण्याआधी गहू बंद करू नका. गहू बंद असताना तपासणी खोटा दिलासा देते. ‘आठ दिवस पोळी बंद केली, बरं वाटलं’ म्हणून येणाऱ्यांना मग मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो.

टप्पा ७: घरी अंमल, एका वेळी एकच बदल

सल्ल्याचा कागद घरी आला की सोमवारपासून सगळंच बदलायचं, हा उत्साह चार दिवस टिकतो. बहुतेक तज्ज्ञ ज्या क्रमाने जातात तो असा. तुमच्या तज्ज्ञांनी वेगळा सांगितला असेल तर तोच पाळा.

पहिला आठवडा फक्त वेळांचा. तीन जेवणं, दोन मधली खाणी, मध्ये दोन-अडीच तासांचं अंतर, त्या अंतरात फक्त पाणी. पदार्थ बदलायचे नाहीत.

दुसरा आठवडा दुधाचा. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरतं. एकदम तोडू नका. आधी रात्रीच्या बाटलीतली साखर काढा, मग बाटलीऐवजी पेला द्या, मग माप कमी करा. दूध जेवणानंतर, जेवणाऐवजी नाही. या आठवड्यात रडारड होते आणि इथेच घरातलं कोणीतरी विरघळतं. आजी-आजोबांशी आधीच बोलून ठेवा. त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलंत तर आणखी बरं.

त्यानंतर जेवणाची रीत. खाली पाटावर किंवा खुर्चीत, सगळ्यांसोबत, टीव्ही-मोबाइल बंद. वीस-तीस मिनिटांत ताट उचलायचं, न ओरडता. काय द्यायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं हे मुलाने. शेवटचं वाक्य पालकांच्या गळी उतरत नाही, पण तोंड दाबून घास कोंबलेली मुलं पुढे ताटाकडे पाठच फिरवतात, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतील.

नवा पदार्थ शेवटी. ओळखीच्या पदार्थाशेजारी चमचाभरच: वरणभाताशेजारी मटकीच्या उसळीचे चार दाणे, थालीपिठात किसलेला दुधी. मुलाने हात लावला, वास घेतला तरी त्या दिवसाचं काम झालं. एखादा पदार्थ पत्करायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो; बहुतेक घरं तिसऱ्या नकारालाच ‘तिला आवडत नाही’ असा शिक्का मारतात.

बक्षीस म्हणून चॉकलेट ठेवू नका. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ यातून मुलाला एवढंच कळतं, की भाजी ही शिक्षा आहे.

सावधान: अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नका; घशात अडकतात. कूट करा, द्राक्षं उभी चिरा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घरची कितीही जुनी पद्धत असली तरी.

टप्पा ८: फेरभेट

औषध संपलं म्हणून नाही, तारीख आली म्हणून जा. त्याआधीच्या आठवड्यात पुन्हा तीन दिवसांची वही भरा. जुनी आणि नवी शेजारी ठेवली की तज्ज्ञाला आणि तुम्हालाही फरक दिसतो: चाळीस मिनिटांची पंचवीस झाली, दूध सहाशेवरून साडेचारशेवर आलं, शौच रोज होतं. वजन या सगळ्याच्या मागून येतं. लहान मुलाचं वजन दर आठवड्याला करून हिरमुसू नका. दोन वर्षांपुढच्या मुलाचं महिन्यातून एकदा पुरे, तज्ज्ञांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

दोन-तीन महिने सल्ला खरोखर पाळूनही रेघ आडवीच असेल तर दुसरं मत घ्या. सगळे कागद, दोन्ही वह्या आणि आधीच्या तज्ज्ञांनी काय सुचवलं होतं तेही सोबत न्या, म्हणजे पुन्हा टॉनिकपासून सुरुवात होणार नाही. सल्ला अर्धाच पाळला असेल तर तसं सरळ सांगा: ‘रात्रीचं दूध बंद करणं जमलं नाही.’ चांगला तज्ज्ञ यावर रागावत नाही, वेगळा मार्ग काढतो.

मूल पाळणाघरात किंवा बालवाडीत जात असेल तर तज्ज्ञांकडून चार ओळी लिहून घ्या: मधल्या वेळेत बिस्किटं नकोत, दूध किती, डबा संपवायची सक्ती नको, अॅलर्जी असेल तर ती ठळक. पाळणाघरातल्या ताई आईचं ऐकतात. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीचं जास्त ऐकतात.